अँड्रॉइड की आयफोन, विंडोज की लिनक्स? कोल्हापुरातल्या काउंटरवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राजारामपुरीत संगणक आणि मोबाईलचा धंदा करताना एक गोष्ट रोज दिसते. गिऱ्हाईक आधी किंमत विचारतं, मग घासाघीस करतं आणि पैसे देता देता खरा प्रश्न काढतं: "हे पुढं बंद तर पडणार नाही ना?" शिरोली एमआयडीसीतले फौंड्रीवाले असोत, शाहूपुरीतले व्यापारी असोत की विद्यापीठात शिकणारी पोरं, सगळ्यांना हीच धास्ती असते. काउंटरवर गर्दीत नीट देता येत नाहीत ती उत्तरं इथं लिहून ठेवली आहेत. मतं माझी आहेत, कंपन्यांना पटतीलच असं नाही.

फोन एका कंपनीचा, अँड्रॉइड दुसऱ्याचं. मग गूगलला यातून मिळतं काय?

गूगलनं अँड्रॉइड २००५ मध्ये विकत घेतलं आणि २००८ मध्ये त्यावरचा पहिला फोन बाजारात आला. फोन बनवणाऱ्यांना ते फुकट मिळतं. गूगलची कमाई होते ती तुम्ही काही शोधल्यावर दिसणाऱ्या जाहिरातींतून आणि प्ले स्टोअरवरच्या विक्रीतून. ॲपल मुख्यतः फोन विकून कमावतं, वर ॲप स्टोअरचा वाटा घेतं. मायक्रोसॉफ्टचा भर आता विंडोजच्या परवान्यापेक्षा ऑफिसची वर्गणी आणि क्लाउड यांवर जास्त आहे.

तिघांची कमाई वेगळी, म्हणून तिघांची भांडणंही वेगळी. गूगलला फोन कुणाचाही चालतो, त्यावर सर्च मात्र गूगलचंच पाहिजे. आयफोनवरसुद्धा. अमेरिकेतल्या खटल्यात उघड झालं, की आयफोनच्या सफारी ब्राउझरमध्ये गूगल सर्च आधीपासून बसवलेलं असावं म्हणून गूगलनं एकट्या २०२२ मध्ये ॲपलला २० अब्ज डॉलर दिले. ज्या दोन कंपन्यांवरून आमच्या काउंटरवर जिवलग मित्रांची तोंडं वाकडी होतात, त्यांचं आपसातलं असं चाललेलं असतं. न्यायाधीश अमित मेहता यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये गूगलची सर्चमधली मक्तेदारी बेकायदा ठरवली. सप्टेंबर २०२५ मध्ये उपाय सांगताना मात्र क्रोम किंवा अँड्रॉइड विकायला लावलं नाही. "फक्त आमचंच ठेवा" असं बांधून घेणारे करार बंद केले, पैसे द्यायला बंदी घातली नाही.

नोकियाचा फोन पडला तरी फुटत नव्हता. मग कंपनी कशी फुटली?

हा प्रश्न पन्नाशीच्या पुढचे हमखास विचारतात, आणि आवाजात हळहळ असते.

२००७ मध्ये आयफोन आला तेव्हा स्मार्टफोनमध्ये नोकियाच्या फोनांवर चालणाऱ्या सिम्बियन या ऑपरेटिंग सिस्टीमचा वाटा जगात सगळ्यात मोठा होता. फोन मजबूत, बॅटरी दणकट, कॅमेरे चांगले. पण जुलै २००८ मध्ये ॲपलनं ॲप स्टोअर उघडलं आणि त्याच वर्षी गूगलनंही आपलं दुकान मांडलं, तिथून लढाईचं मैदान बदललं. बाहेरच्या प्रोग्रामरनं लिहिलेलं ॲप गिऱ्हाइकापर्यंत एका बटणात पोचायला लागलं. सिम्बियनवर एकच ॲप वेगवेगळ्या मॉडेलांसाठी पुन्हापुन्हा दुरुस्त करत बसावं लागायचं. प्रोग्रामर मंडळी कंटाळून निघून गेली, त्यांच्या मागोमाग गिऱ्हाईक गेलं.

फेब्रुवारी २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टमधून आलेले प्रमुख स्टीफन एलॉप यांनी सिम्बियन सोडून मायक्रोसॉफ्टची विंडोज फोन ही प्रणाली धरायचं ठरवलं. २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टनं नोकियाचा फोनचा धंदाच विकत घेतला आणि पुढच्याच वर्षी त्यापोटी ७.६ अब्ज डॉलर बुडीत म्हणून लिहून टाकले.

पण विंडोज फोन तर मस्त चालायचा. तो का गेला?

चालायचा, खरंच. लुमिया ५२० कमी रॅमवर जेवढा सरसर चालायचा तेवढे त्या किमतीतले अँड्रॉइड चालत नव्हते. तो गेला ॲपच्या दुष्काळानं. इन्स्टाग्राम २०१३ च्या शेवटी आलं, तेही अर्धवट. यूट्यूबचा किस्सा तर ऐकण्यासारखा आहे. गूगल विंडोज फोनसाठी धड ॲप बनवेना, म्हणून २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टनं स्वतःच बनवलं. गूगलनं आक्षेप घेऊन ते बंद पाडलं. कारणं तांत्रिक आणि जाहिरातींची सांगितली. मला विचाराल तर प्रतिस्पर्ध्याच्या फोनवर यूट्यूब चांगलं चालावं अशी कळकळ गूगलला असण्याचं काही कारणच नव्हतं.

गिऱ्हाईक नाही म्हणून ॲप नाही, ॲप नाही म्हणून गिऱ्हाईक नाही. या फेऱ्यातून पैसा ओतूनही बाहेर पडता येत नाही, हे मायक्रोसॉफ्टएवढ्या धनवान कंपनीनं सिद्ध केलं. २०२० उजाडता उजाडता सुरक्षा अपडेटही थांबले. ब्लॅकबेरीच्या जुन्या फोनांची सेवा ४ जानेवारी २०२२ ला बंद झाली. आता दोनच उरले, आणि भारतात तर दहातले नऊहून जास्त फोन अँड्रॉइड.

अँड्रॉइड फुकट आहे ना? मग गूगलला दंड कशाचा?

अँड्रॉइडचा मूळ गाभा खुला आहे, कुणीही घ्यावा. पण प्ले स्टोअर, नकाशे, जीमेल, यूट्यूब आणि त्या सगळ्यांखाली चालणारी प्ले सर्व्हिसेस हे गूगलच्या मालकीचं. फोन कंपनीला प्ले स्टोअर हवं असेल तर बाकीची ॲपसुद्धा आधीच भरून द्यायची, सर्चची पट्टी पहिल्या पानावर ठेवायची आणि अँड्रॉइडची वेगळी, गूगलला मान्य नसलेली आवृत्ती विकायची नाही, असे करार होते. प्ले स्टोअर नसलेला फोन आमच्या दुकानात कोण घेणार? म्हणजे सही करण्यावाचून गत्यंतर नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये एसर कंपनी अलीबाबाच्या प्रणालीवरचा फोन आणणार होती. कार्यक्रम ठरलेला असताना ऐनवेळी तो रद्द झाला, कारण गूगलनं आक्षेप घेतला होता.

युरोपियन आयोगानं याच करारांसाठी जुलै २०१८ मध्ये ४.३४ अब्ज युरो दंड केला. न्यायालयानं २०२२ मध्ये तो थोडा कमी करून ४.१२५ अब्जांवर आणला. आपल्या भारतीय स्पर्धा आयोगानं ऑक्टोबर २०२२ मध्ये १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्याच महिन्यात प्ले स्टोअरवरच्या पैशाच्या व्यवहारांबद्दल दुसरा, ९३६.४४ कोटींचा. पहिला दंड राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणानं मार्च २०२३ मध्ये कायम ठेवला, दुसरा मार्च २०२५ मध्ये २१६.६९ कोटींवर आणला.

दंड सरकारजमा. मला काय मिळालं?

थोडं मिळालं. सर्वोच्च न्यायालयानं आयोगाच्या आदेशाला स्थगिती द्यायला नकार दिल्यावर जानेवारी २०२३ मध्ये गूगलनं भारतासाठी नियम बदलले. फोन कंपन्यांना गूगलची ॲप सुटी सुटी घेता येतील आणि नवा फोन सुरू करताना सर्च इंजिन निवडता येईल, असं जाहीर केलं.

आणि "ही नको असलेली ॲप पूर्ण काढून द्या की" म्हणून जे येतात त्यांच्यासाठी: आयोगाच्या दहा निर्देशांत तेही होतं. न्यायाधिकरणानं दंड ठेवला, पण चार निर्देश रद्द केले, त्यांत हा होता. म्हणून अजून "डिसेबल"वरच समाधान मानावं लागतं. आम्ही जाणूनबुजून काढत नाही, हा गैरसमज कृपया काढून टाका.

मुलानं ॲप बनवलंय. प्ले स्टोअरवर टाकायला खर्च किती, आणि गूगल किती कापतं?

अलीकडं हा प्रश्न फार येतो. शहरातल्या आणि आसपासच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतली पोरं हुशार आहेत, पालकांना मात्र हिशेब कळत नाही.

नोंदणी गूगलकडं एकदाच, २५ डॉलर. ॲपलकडं दरवर्षी ९९ डॉलर. शिवाय आयफोनचं ॲप तयार करून पाठवायला मॅक लागतो, तो खर्च वेगळा. नोव्हेंबर २०२३ नंतर काढलेल्या वैयक्तिक खात्यांना गूगलनं आणखी एक अट घातली: ॲप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी काही जणांनी ते सलग १४ दिवस वापरून बघायचं. आधी २० जण लागायचे, डिसेंबर २०२४ मध्ये ते १२ केले. घरचे, तालमीतले, कॉलेजातले मिळून बारा जमतात. फक्त ते चौदा दिवस टिकत नाहीत, तिसऱ्या दिवशी ॲप काढून टाकतात. त्यांना आधीच बजावून ठेवा.

आता कापणी. आपल्याला हे समजायला अवघड जाऊ नये, कारण शाहू मार्केट यार्डात गुळाचा सौदा झाला की अडत कापली जाते हे घराघरांत माहीत आहे. फरक एवढाच, की यार्डात अडते बरेच असतात आणि इथं यार्ड, अडत्या आणि तराजू तिन्ही एकाच्या मालकीचे. मूळ दर ३० टक्के. ओरड झाल्यावर ॲपलनं जानेवारी २०२१ पासून वर्षाला १० लाख डॉलरच्या आत धंदा करणाऱ्यांसाठी तो १५ टक्के केला. गूगलनं जुलै २०२१ पासून प्रत्येकाच्या पहिल्या १० लाख डॉलरवर १५ टक्के केला. अमेरिकेतल्या खटल्यांमुळं या दरांची ओढाताण चालूच आहे, तेव्हा ॲप टाकण्याआधी त्या दिवशीचा दर बघा.

हे कमिशन कशावर लागतं, इथं सगळे गोंधळतात. ॲपमधून कोल्हापुरी चप्पल विकली तर शून्य. हुपरीचे चांदीचे दागिने, शून्य. जेवणाची ऑर्डर, रिक्षाचं भाडं, शून्य. खरी, हाताला लागणारी वस्तू किंवा प्रत्यक्ष सेवा असेल तर पैसे यूपीआयनं घ्या, गूगल मध्ये येत नाही. पण त्याच चप्पल बनवायला शिकवणारे व्हिडिओ ॲपमध्ये विकले, तर तो डिजिटल माल आणि कमिशन लागू. शंभर रुपयांच्या कोर्समागे पंधरा गेले. क्लासवाल्यांनी हे लक्षात न घेता फी ठरवली की पहिल्या महिन्यात तोंडाला फेस येतो.

भारतात हे जास्त टोचतं त्याचं कारण यूपीआय. जानेवारी २०२० पासून यूपीआयवर दुकानदाराला शुल्क नाही. जिथं पैसे घ्यायला शून्य लागतं, तिथं पंधरा-तीस टक्के कशाचे, असा सवाल स्टार्टअपवाले करतात. गूगलचं म्हणणं, हे पैसे व्यवहाराचे नव्हेत तर स्टोअर, सुरक्षा आणि गिऱ्हाईक मिळवून देण्याचे. म्हणून आयोगाच्या आदेशानंतर दुसऱ्याची पेमेंट सोय वापरायची मुभा दिली, तेव्हा सूट मिळाली फक्त चार टक्क्यांची: पंधराचे अकरा, तीसचे सव्वीस. वर त्या दुसऱ्या सोयीचा खर्च तुमचा. कागदावर मुभा, गल्ल्यात फरक काही नाही.

न भरणाऱ्यांचं काय होतं तेही दिसलं. १ मार्च २०२४ ला गूगलनं भारत मॅट्रिमोनी, शादी, नोकरी, ९९ एकर्स अशी नावाजलेली भारतीय ॲप स्टोअरवरून उतरवली. केंद्र सरकारनं हस्तक्षेप केला आणि काही दिवसांत ती परत आली. लग्न जमवणाऱ्यांचं दुकान असं एका दिवसात उठू शकतं, तर तुमच्या मुलाच्या ॲपसाठी दिल्लीतून फोन कोण करणार? म्हणून मी प्रत्येकाला सांगतो, ॲपच्या जोडीला साधी वेबसाईट ठेवा आणि गिऱ्हाइकांचे नंबर त्यांच्या संमतीनं स्वतःच्या वहीत ठेवा.

अमेरिकेत फोर्टनाइटवाल्यांनी केस जिंकली म्हणतात. खरं का?

अर्धं खरं. एपिक गेम्सनं ऑगस्ट २०२० मध्ये मुद्दाम नियम मोडून फोर्टनाइट या आपल्या गेममध्ये स्वतःची पेमेंट सोय घातली. ॲपल आणि गूगल दोघांनी त्याच दिवशी गेम काढला, आणि एपिकनं दोघांवर दावा ठोकला. ॲपलविरुद्ध २०२१ मध्ये बहुतेक मुद्द्यांवर एपिक हरलं. बाहेरच्या पेमेंटची लिंक दाखवू द्या, एवढंच पदरात पडलं. ॲपलनं लिंक दिली आणि त्या लिंकवरच्या खरेदीवरही २७ टक्के लावले. न्यायाधीश इव्हॉन गोन्झालेझ रॉजर्स यांनी एप्रिल २०२५ मध्ये हा न्यायालयाचा अवमान ठरवला. गूगलविरुद्ध मात्र डिसेंबर २०२३ मध्ये ज्यूरीनं एपिकच्या बाजूनं कौल दिला आणि जुलै २०२५ मध्ये अपिलातही तो टिकला.

गंमत बघा. ॲपलचं दार पहिल्यापासून पूर्ण बंद, तरी ते बऱ्यापैकी सुटलं. गूगलचं दार उघडं, पण मागच्या खोलीत फोन कंपन्यांशी आणि मोठ्या गेमवाल्यांशी केलेले करार सापडले आणि ते अडकलं. बंद ठेवणाऱ्याला सूट आणि उघडं ठेवणाऱ्याला शिक्षा, हा न्याय माझ्या काही पचनी पडलेला नाही.

युरोपात मार्च २०२४ पासून डिजिटल मार्केट्स कायदा मोठ्या कंपन्यांना लागू झाला. तिथल्या आयफोनवर दुसरी ॲप दुकानं चालतात, आपल्याकडच्या आयफोनवर नाहीत. आपल्याकडं डिजिटल स्पर्धा कायद्याचा मसुदा मार्च २०२४ मध्ये आला, आणि त्यावर आपल्याच स्टार्टअपांमध्ये दोन तट पडले. युरोपातल्याच दुसऱ्या एका कायद्याचा, सगळ्यांना एकच चार्जर ठरवणाऱ्या, फायदा मात्र आपल्यालाही फुकटात मिळाला: २०२३ च्या आयफोन १५ पासून चार्जर टाईप-सी झाला.

व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाईल टाकली तर चालते का?

चालते (एपीके म्हणजे अँड्रॉइड ॲपचीच फाईल), आणि म्हणूनच खातं रिकामं होतं. लग्नपत्रिका, आरटीओचं चलन, बँकेचं केवायसी अशा नावानं येणारी एपीके उघडूच नका. पत्रिका ही फोटो किंवा पीडीएफ असते, ॲप नसते. एखादी फाईल चुकून टाकलीच असेल तर आधी नेट बंद करा, बँकेला कळवा, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, मग आमच्याकडं या.

यातही स्पर्धेचं राजकारण आहे. स्टोअरच्या बाहेरून ॲप टाकता येणं हीच अँड्रॉइडची मोकळीक. ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलनं जाहीर केलं, की बाहेरून येणाऱ्या ॲपच्या निर्मात्यालाही ओळख पटवावी लागेल, सुरुवात सप्टेंबर २०२६ मध्ये ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडपासून. खुल्या सॉफ्टवेअरवाल्यांनी मोठा गलका केला, ही मोकळीक संपवायची चाल आहे म्हणून. त्यांची भीती खोटी नाही. पण पेन्शन गमावून काउंटरवर बसलेली माणसं बघितल्यावर मला त्यांच्या बाजूनं जोरात ओरडता येत नाही.

आयफोन घेतला तर व्हॉट्सॲपचं जुनं सगळं येतं का?

येतं, पण क्रम चुकला की फसतं. अँड्रॉइडचा बॅकअप गूगल ड्राइव्हवर असतो, आयफोनला तो वाचता येत नाही. त्यासाठी जुन्या फोनवर "मूव्ह टू आयओएस" हे ॲप घ्यायचं, दोन्ही फोन चार्जिंगला आणि एकाच वायफायवर ठेवायचे, आणि आयफोन नवाकोरा किंवा पूर्ण पुसलेला पाहिजे. बरेच जण हौसेनं घरी आयफोन सुरू करतात, फोटो काढतात, स्टेटस ठेवतात आणि आठ दिवसांनी चॅट मागायला येतात. मग सगळं पुसून पहिल्यापासून करावं लागतं. तेव्हा खोकं न फोडता या.

एका बाजूकडून दुसरीकडं जाणं एवढं किचकट का, याचं उत्तर सोपं आहे. जाणाऱ्या गिऱ्हाइकाची सोय करण्यात कुणालाच रस नसतो.

संगणक विंडोज १० वर आहे. आता बंद पडेल का?

बंद पडणार नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं नेहमीचे सुरक्षा अपडेट थांबवले, एवढंच. घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव अपडेटची सोय ठेवली आहे. त्यानंतर नेटला जोडलेला संगणक तसाच वापरणं धोक्याचं.

विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप, ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. "टीपीएम नाही" असा संदेश आला म्हणून लगेच नवा संगणक घेऊ नका. पुष्कळदा चिप असते, बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) बंद असते. इंटेलच्या बोर्डावर पीटीटी आणि एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम या नावानं पर्याय सापडतो, तो चालू करायचा. मात्र प्रोसेसरच जुना असेल तर उपाय नाही. चालू अवस्थेतली लाखो यंत्रं एका अटीनं म्हातारी ठरवली, याचा राग मलाही आहे, जरी नवे संगणक विकून चार पैसे मलाच मिळतात.

उद्यमनगरात आणि गोकुळ शिरगावात सीएनसी मशीनला जोडलेले जुने संगणक आहेत, काही तर विंडोज ७ वर. त्यांना हात लावू नका. नेटपासून तोडा, पेनड्राइव्ह तपासून लावा, मशीन चालू द्या.

मग लिनक्स मारून द्या की! टॅली चालेल ना?

नाही. लिनक्स ही विंडोजऐवजी वापरायची फुकट ऑपरेटिंग सिस्टीम, आणि टॅली विंडोजसाठीच लिहिलेलं आहे. यंत्रांचे भाग डिझाइन करायचं सॉलिडवर्क्स तसंच. ऑटोकॅड मॅकवर मिळतं, लिनक्सवर नाही. जुगाड करून एखादी गोष्ट सुरू होते, पण मार्चअखेरीला सीए वाट बघत असताना जुगाड मोडला तर शिव्या मला पडतात.

छपाईवाल्यांची गोष्ट आणखी वेगळी. छपाईची पानं जुळवायच्या पेजमेकर या सॉफ्टवेअरची शेवटची आवृत्ती २००१ च्या सुमाराची, कंपनीनं कधीच सोडून दिली, तरी पत्रिका छापणाऱ्यांचा वर्षानुवर्षांचा साठा त्यात आहे. मजकूर जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाईप केलेला, युनिकोडमध्ये नाही. म्हणजे पडद्यावर "चि. सौ. कां." दिसतं, पण फाईलच्या पोटात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं साठवलेली असतात. तोच मजकूर उचलून व्हॉट्सॲपवर टाकला की कचरा दिसतो. अशा माणसाला "लिनक्स घे, फुकट आहे" हा सल्ला देणं म्हणजे त्याचं कपाट जाळायला सांगणं. त्यानं आधी साठा हळूहळू युनिकोडमध्ये आणावा, मग बाकीचं बोलू.

ज्यांचं काम ब्राउझर, पीडीएफ आणि साधी पत्रं एवढंच आहे, त्यांनी मात्र जुन्या संगणकावर लिनक्स मिंट किंवा उबुंटू जरूर घ्यावं. शाळेच्या लॅबला उत्तम. आता बरीचशी कामं ब्राउझरमध्येच होतात, आणि नेमकी हीच भीती मायक्रोसॉफ्टला तीस वर्षांपूर्वी पडली होती.

ती जुनी मायक्रोसॉफ्टची केस? तिचं काय झालं?

नव्वदच्या दशकात नेटस्केप हा ब्राउझर जोरात होता. उद्या सगळे प्रोग्राम ब्राउझरमध्येच चालू लागले तर खाली विंडोज असो की आणखी काही, कोण विचारतो? म्हणून मायक्रोसॉफ्टनं इंटरनेट एक्सप्लोरर विंडोजबरोबर फुकट जोडला आणि संगणक कंपन्यांना बांधून घेतलं. मे १९९८ मध्ये अमेरिकी सरकारनं दावा लावला. जून २००० मध्ये न्यायाधीश जॅक्सन यांनी कंपनीचे दोन तुकडे करायला सांगितलं, पुढच्या जूनमध्ये अपिलात तो आदेश रद्द झाला आणि नोव्हेंबर २००१ मध्ये तडजोड झाली. तोवर नेटस्केप आटोपलं होतं.

केसचा परिणाम नेटस्केपला मिळाला नाही, दुसऱ्यांना मिळाला. मायक्रोसॉफ्टवर सरकारची नजर होती, त्याच काळात गूगल वाढलं. गूगल डॉट कॉम उघडायला विंडोजनं अडथळा आणला असता तर काय झालं असतं, हे सांगता येत नाही. पण आणायची हिंमत त्या वर्षांत नव्हती, असं मला वाटतं. आणि ॲपल? १९९७ मध्ये ते डबघाईला आलं होतं, तेव्हा मायक्रोसॉफ्टनंच त्यात १५ कोटी डॉलर गुंतवले आणि मॅकसाठी ऑफिस बनवत राहण्याचं वचन दिलं. बदल्यात मॅकवर इंटरनेट एक्सप्लोरर बसला.

मॅक घ्यावा का?

व्हिडिओ, फोटो, संगीत, प्रोग्रामिंग करत असाल आणि पैसे असतील तर घ्या. नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलनं इंटेल सोडून स्वतःची एम१ चिप आणली, तेव्हापासून बॅटरीच्या बाबतीत तोड नाही. टॅली आणि सरकारी पोर्टलवर डिजिटल सहीचं टोकन चालवायचं असेल तर नको.

आपली भारतीय ऑपरेटिंग सिस्टीम का नाही?

आहेत की. सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचं बॉस लिनक्स २००७ पासून आहे. संरक्षण मंत्रालयानं २०२३ मध्ये उबुंटूवर आधारलेलं माया घेतलं. त्याच वर्षी आयआयटी मद्रासच्या छत्राखालच्या कंपनीनं अँड्रॉइडच्या खुल्या गाभ्यावर भरोस आणलं. तुमच्या ओळखीत कुणाच्या फोनवर भरोस आहे का, ते बघा.

ऑपरेटिंग सिस्टीम बनवणं जमतं. तिच्यावर फोनपे, बँकेचं ॲप, व्हॉट्सॲप आणणं जमत नाही. खऱ्या अर्थानं खपला तो २०१७ चा जिओफोन, कायओएस या ऑपरेटिंग सिस्टीमवरचा. ते कायओएस फायरफॉक्स ब्राउझरवाल्या मोझिलाच्या बंद पडलेल्या फायरफॉक्स ओएसमधून निघालं. तो फायरफॉक्सवाला इंटेक्सचा १,९९९ रुपयांचा फोन २०१४ मध्ये इथंही आला होता आणि कुणाच्या लक्षातही राहिला नाही. जिओफोनवर २०१८ मध्ये व्हॉट्सॲप आलं तेव्हा त्याला भाव चढला. पुढं व्हॉट्सॲपनंच कायओएसवरून अंग काढून घेतलं, मग उरलं काय?

चीनचं उदाहरण सगळे देतात. मे २०१९ मध्ये अमेरिकेनं हुआवे या चिनी फोन कंपनीवर निर्बंध घातले, गूगलची ॲप गेली, आणि त्यांनी हार्मनीओएस उभं केलं. २०२४ ची नवी आवृत्ती तर अँड्रॉइडची ॲप चालवतच नाही. पण चीनमध्ये प्ले स्टोअर आधीपासून नव्हतंच, तिथली रोजची सगळी ॲप तिथलीच. आपल्याकडं तसं करायचं म्हटलं तर जीमेल आणि यूट्यूब पहिल्या दिवशी सोडावं लागेल. घोषणा देणाऱ्यांपैकी किती तयार होतील?

त्यापेक्षा फोनपेनं फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू केलेलं इंडस ॲपस्टोअर मला व्यवहार्य वाटतं. प्रणाली तीच ठेवून दुसरं दुकान. मराठीतही चालतं. मात्र ते प्ले स्टोअरवर मिळत नाही, आणि सामान्य माणूस प्ले स्टोअरच्या बाहेर जात नाही. ॲमेझॉननं एवढा जोर लावून अँड्रॉइडवर स्वतःचं ॲपस्टोअर चालवलं आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तेही आवरलं.

फोन फॉरमॅट मारल्यावर जुन्या गूगल खात्याचा पासवर्ड मागतोय. विसरलोय. तुम्ही काढून देता का?

नाही. हे कुलूप चोरीच्या फोनांसाठी आहे आणि ते तोडून देणारी दुकानं असली तरी आमचं त्यांत नाही. आयफोनचं तर तुटतही नाही. गूगलच्या पानावरून खातं परत मिळवायला मदत करतो, त्याचे पैसे घेत नाही. येताना फोनचं बिल आणि खातं काढताना जो नंबर दिला होता ते सिम घेऊन या. सिम मुलाकडं पुण्याला असेल तर त्याला आधी फोन करून ठेवा, ओटीपी आला की लगेच सांग म्हणून.